निरोप वाचतो कोण? : प्लेटलेट्स, कॅल्शियम आणि ‘सिग्नल’ या शब्दाची चिकित्सा



आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले आणि आज बोलायचे आहे ते रक्तातल्या प्लेटलेट्सविषयी. तेव्हा आधी हद्द सांगून टाकतो. प्रयोगशाळेतले निष्कर्ष बरोबर की चूक, हे ठरवायला आम्ही उभे नाही. ते काम ज्यांचे त्यांनी चोख केलेले आहे. त्या निष्कर्षांभोवती जी भाषा उभी राहिली, तिची चिकित्सा करायची आहे. ‘सिग्नल’, ‘रिसेप्टर’ आणि ‘ॲक्टिव्हेशन’ हे त्या भाषेतले तीन मोठे शब्द. संदेश, तो घेणारा ग्राही, आणि मग जागृती. हे शब्द नेमके काय सांगतात, काय झाकतात, आणि झाकलेल्याची किंमत कोण मोजतो, एवढेच आज बघायचे आहे.

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे प्लेटलेट हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी येतो. घरात कुणाला डेंग्यू झाला की रोज सकाळी एकच प्रश्न : “आज किती आल्या?” निरोगी माणसाच्या रक्तात मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख, हे आता सगळ्यांना पाठ झाले आहे. संख्या कळली. पण या लाखो कणांतला एकेक कण करतो काय, असे विचारले तर उत्तर येते, “रक्त गोठवतो.” उत्तर खोटे नाही. पण ‘करतो’ या क्रियापदातच आजचा सगळा विषय दडलेला आहे.

आता प्लेटलेट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. शाळेच्या पुस्तकात तिला रक्तपट्टिका म्हणतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर; प्लेटलेटची रुंदी असते दोन-तीन मायक्रोमीटर. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात, त्यांचे हे तुटून आलेले तुकडे. प्लेटलेटला केंद्रक नाही. आयुष्य सात ते दहा दिवसांचे. या काळात बहुतेक प्लेटलेट्स नुसत्या फिरतात, काहीही न करता म्हाताऱ्या होतात आणि प्लीहेत नाहीतर यकृतात संपतात. ज्या थोड्यांच्या वाट्याला जखम येते, त्यांनी सेकंदांच्या आत आकार बदलायचा, पोटातला ऐवज बाहेर टाकायचा, शेजारणीला धरायचे आणि बांध घालायचा.

याचे जे प्रमाण वर्णन पाठ्यपुस्तकात मिळते ते असे. रक्तवाहिनीची भिंत फाटली की आतले कोलॅजेन उघडे पडते. थ्रॉम्बिन तयार होते. प्लेटलेट्स स्वतः एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन सोडतात. हे पदार्थ प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरना भिडतात. आत फॉस्फोलिपेज सी नावाचे एन्झाइम जागे होते आणि पटलातल्या एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करते. एका तुकड्याचे नाव आयपी३. तो आतल्या कोठाराचे दार उघडतो, कॅल्शियम बाहेर ओसंडते. पाठोपाठ बाहेरूनही कॅल्शियम आत येते. शांत प्लेटलेटच्या आत मुक्त कॅल्शियम असते लिटरमागे सुमारे ०.१ मायक्रोमोल, बाहेर रक्तद्रवात त्याच्या दहा-बारा हजार पट. दार उघडले की आतली पातळी दहापट किंवा त्याहूनही वर जाते. हा झाला ‘कॅल्शियम सिग्नल’. मग जागृती, मग गुठळी. साखळी पूर्ण.

ही कथा सुबक आहे. विद्यार्थ्याला ती एका बैठकीत पाठ होते. आमचा आक्षेप तिच्या सुबकपणावरच आहे, आणि तो चार मुद्द्यांत मांडतो.

पहिला मुद्दा : कारण कशाला म्हणायचे?

आपल्या न्यायशास्त्रात कारण ठरवायची एक जुनी कसोटी आहे : अन्वय आणि व्यतिरेक. हे असले की ते असते, हा अन्वय. हे नसले की ते नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जमले तरच कारणाचा दावा उभा राहतो. कुंभाराचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. घडा होण्याआधी चाक हजर होते, दांडा हजर होता, आणि माती वाहून आणणारे गाढवही हजर होते. पण गाढवाला घड्याचे कारण म्हणत नाहीत. ते ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे हजर असूनही कारणकोटीत न बसणारे.

कॅल्शियमच्या बाबतीत अन्वय दाखवणे सोपे होते. आयनोफोर नावाची रसायने असतात. ती पटलातून कॅल्शियम थेट आत नेतात, रिसेप्टरला विचारतसुद्धा नाहीत. ती घातली की प्लेटलेट जागी होते. म्हणजे कॅल्शियम वाढले की जागृती येते. पण व्यतिरेकाचे काय? त्यासाठी जिवंत प्लेटलेटच्या आतले कॅल्शियम मोजता यायला हवे, आणि दोन-तीन मायक्रोमीटरच्या कणात सुई तर खुपसता येत नाही. ही अडचण रॉजर त्सिएन यांनी तयार केलेल्या क्विन-२ या रंगद्रव्याने सोडवली. ते पेशीत आपणहून शिरते आणि कॅल्शियम भेटले की जास्त चमकते. १९८२ साली टिमोथी रिंक, स्मिथ आणि त्सिएन यांनी ते मानवी प्लेटलेट्समध्ये वापरले.

निष्कर्ष काय निघाला ते नीट ऐका. आयनोफोरने प्लेटलेटला जागे करायचे तर आतले कॅल्शियम बरेच वर चढवावे लागत होते. थ्रॉम्बिनने जागे करताना मात्र, बाहेरचे कॅल्शियम काढून टाकून आतली वाढ अगदी थोडी राहील अशी व्यवस्था केली, तरी प्लेटलेट आकार बदलत होती आणि ऐवज बाहेर टाकत होती. पुढच्याच वर्षी रिंक यांच्या गटाने दाखवले की डायअसिलग्लिसेरॉल आणि त्याच्यासारखेच काम करणारा फॉरबॉल एस्टर ही रसायने घातली तर कॅल्शियम न वाढताही स्राव होतो. हे डायअसिलग्लिसेरॉल कोण? मघाशी पटलातल्या रेणूचे दोन तुकडे झाले म्हटले, त्यातला दुसरा तुकडा. कथेत ज्याचे नावच घेतले नव्हते तो.

म्हणजे व्यतिरेक ढळला. कॅल्शियमची वाढ नसतानाही कार्य झाले. मग कॅल्शियम हे कुंभाराचे गाढव म्हणायचे का? तेही नाही, कारण अन्वय पक्का आहे. याच सुमारास जपानमध्ये कोबे इथे यासुतोमी निशिझुका यांच्या प्रयोगशाळेने कोडे उलगडले. कॅल्शियम थोडेसे आणि प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम थोडेसे, अशी दोन्ही एकदम जागी केली तर जो परिणाम होतो, तो प्रत्येकाच्या एकट्याच्या परिणामांच्या बेरजेपेक्षा कितीतरी मोठा असतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ही सहकारी कारणे आहेत. चाक आणि दांडा. चाकाला विचारले “घडा तूच केलास का?” तर चाकाने काय उत्तर द्यावे?

हे सगळे चाळीस वर्षांपूर्वी छापले गेले आहे. तज्ज्ञांना ते माहीत आहे. तरी सांगताना मात्र ‘कॅल्शियम वाढले म्हणून प्लेटलेट जागी झाली’ हेच एक वाक्य उरते. का? कारण कॅल्शियम दिसते. त्याच्यासाठी चमकणारा रंग सापडला, पडद्यावर रेघ वर जाताना दिसू लागली. जे मोजता आले ते कारण होऊन बसले. शिवाय ती रेघ तरी कुणाची? काचेच्या छोट्या नळीत लाखो प्लेटलेट्स एकत्र ठेवून काढलेली ती सरासरी. पुढे एकेका प्लेटलेटकडे सूक्ष्मदर्शकातून पाहता येऊ लागले, तेव्हा दिसले की कॅल्शियम आत उसळ्या मारते : वर, खाली, पुन्हा वर, प्रत्येकीचा ठेका वेगळा. सरासरीची ती गुळगुळीत रेघ त्यांतल्या एकीचीही नव्हती.

दुसरा मुद्दा : निरोप वाचतो कोण?

सिग्नल म्हटले की आपण धरून चालतो की अर्थ निरोपातच भरलेला आहे. पत्रात मजकूर असतो तसा. पण कॅल्शियमचा आयन हा एक अणू, दोन विद्युतभारांचा. त्यात मजकूर कुठून यायचा? हेच कॅल्शियम हृदयाच्या स्नायूत वाढले की आकुंचन होते, चेतापेशीच्या टोकाला वाढले की रसायन सांडते, अंड्यात वाढले की नवा जीव वाढीला लागतो. अक्षर एकच, वाक्ये निराळी.

तर्कसंग्रहात अन्नंभट्टाने वाक्याचा अर्थ कळण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. शब्दाला दुसऱ्या शब्दाची अपेक्षा हवी, ही आकांक्षा. नुसते “घोडा, पाटी, परवा” म्हटले तर वाक्य होत नाही. दोन अर्थ एकमेकांना जुळणारे हवेत, ही योग्यता. “विस्तवाने झाड शिंप” यात ती नाही. आणि शब्द जवळजवळ उच्चारले पाहिजेत, ही सन्निधी. सकाळी “दार” म्हणायचे आणि संध्याकाळी “लाव” म्हणायचे, तर दार उघडेच राहणार.

या तीन अटी प्लेटलेटला लावून पाहा. एडीपी हा पदार्थ जखमेपाशी सुटतो. १९६१ साली ओस्लोच्या संशोधकांनी तो ओळखला, आणि लगेच १९६२ मध्ये गुस्ताव बॉर्न यांनी लंडनमध्ये प्लेटलेट्सचे गोळा होणे प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्याची युक्ती प्रसिद्ध केली. हे गुस्ताव बॉर्न म्हणजे पदार्थवैज्ञानिक मॅक्स बॉर्न यांचे चिरंजीव. त्या एडीपीला प्लेटलेटवर मुख्यतः दोन रिसेप्टर आहेत. पी२वाय१ कॅल्शियम वाढवतो. पी२वाय१२ कॅल्शियमला फारसा हात लावत नाही. तो आतला लगाम सैल करतो. यातला एक जरी बंद पाडला तरी एडीपीने नीट गोळा होणे घडत नाही. एकाला दुसऱ्याची आकांक्षा आहे. आणि दोघांचे काम एकाच वेळी व्हावे लागते, म्हणजे सन्निधीही हवी.

योग्यतेचे उदाहरण तर हृदयाला भिडणारे आहे, कारण ते आजाऱ्यांकडून आले. १९७९ साली रक्तस्रावाचा एक विरळा विकार नोंदवला गेला. त्याला स्कॉट सिंड्रोम म्हणतात. या रुग्णाच्या प्लेटलेट्स मोजल्या तर संख्या ठीक. आकार बदलतात, एकमेकींना धरतात. कॅल्शियम वाढवले तर वाढते. पण कॅल्शियम खूप वाढल्यावर एरवी पटलाची आतली बाजू बाहेर येते, फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा रेणू बाहेरच्या अंगाला झळकतो आणि त्यावर गोठण्याची पुढची यंत्रणा बसते. ते इथे होतच नाही. निरोप पोचला, वाचणारा नाही. तो वाचणारा कोण, हे कळायला २०१० साल उजाडले. जपानमध्ये शिगेकाझु नागाता यांच्या गटाने टीएमईएम१६एफ हे प्रथिन शोधले आणि या विकारात त्याच्याच जनुकात बिघाड असल्याचे दाखवले.

दुसरा विकार आपल्याकडच्या रक्तविकारतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीचा आहे. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये तो वर्णिला. नात्यात लग्ने होतात अशा समाजांत तो जास्त आढळतो, आणि म्हणूनच भारतातही त्याचे रुग्ण दिसतात. यात प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचे फायब्रिनोजेन धरणारे प्रथिन नसते किंवा बिघडलेले असते. कॅल्शियम वाढते, आकार बदलतो, पण शेजारणीला धरायला हातच नाहीत. मुलाच्या नाकातून रक्त वाहते ते थांबत नाही, आणि रिपोर्टवर प्लेटलेट्सचा आकडा मात्र उत्तम. घरातली माणसे तो आकडा बघून निश्चिंत होतात. संख्या वेगळी, काम वेगळे. आणि सिग्नल असूनही काम नसू शकते.

तिसरा मुद्दा : कुलूप आणि किल्ली

रिसेप्टर समजावताना कुलूप-किल्लीची उपमा हटकून येते. मूळ उपमा एमिल फिशर यांची, १८९४ सालची, आणि ती एन्झाइमसाठी होती. पुढे ती रिसेप्टरला चिकटली. बाहेरून किल्ली येते, कुलपात बसते, दार उघडते. किल्ली काढली की कुलूप पहिल्यासारखे.

आता थ्रॉम्बिनचा रिसेप्टर बघा. १९९१ मध्ये शॉन कॉफलिन यांच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोत तो शोधला. त्याला पार-१ म्हणतात. थ्रॉम्बिन कुठल्याही कुलपात किल्लीसारखे बसून राहत नाही. ते कात्री आहे. ते रिसेप्टरचा बाहेर लोंबणारा शेंडा कापते. कापल्यावर जे नवे टोक उघडे पडते, तेच वळून त्याच रिसेप्टरच्या अंगात बसते आणि त्याला चालू करते. म्हणजे किल्ली आधीपासून कुलपातच गुंडाळलेली होती. नुसते तेवढ्या टोकासारखे पेप्टाइड प्रयोगशाळेत बनवून घातले तर थ्रॉम्बिनशिवायही रिसेप्टर चालू होतो. आणि एकदा शेंडा कापला की परत जोडता येत नाही. हे कुलूप एकदाच उघडते. इथे पाठवणारा कोण आणि घेणारा कोण? उपमेच्या चौकटीत हा प्रश्न नीट विचारतासुद्धा येत नाही.

दुसरी गंमत ‘रिसेप्टर’ या नावाचीच आहे. क्लोपिडोग्रेल हे औषध आपल्यातल्या पुष्कळांच्या परिचयाचे असेल. स्टेंट घातलेल्या माणसाच्या डबीत ते हमखास असते. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९९७ मध्ये. ते ज्या रिसेप्टरला बंद करते त्या पी२वाय१२ ची रेणूरूपाने ओळख पटली २००१ मध्ये. म्हणजे माणसे गोळी घेत होती, गुण येत होता, आणि रिसेप्टर हे फक्त एक अनुमान होते. धूर दिसतो म्हणून अग्नी आहे, अशा जातीचे. अनुमान बरोबर निघाले, याचा आनंदच आहे. पण त्या काळात व्याख्यानांतून आणि आकृत्यांतून रिसेप्टर जणू डोळ्यांनी पाहिल्यासारखा काढला जात होता. अनुमान आणि प्रत्यक्ष यांतला भेद पुसला गेला की विज्ञानाचे तात्पुरते नुकसान होत नसेल, पण विद्यार्थ्याचे कायमचे होते. कुठली गोष्ट पाहिली आहे आणि कुठली ताडली आहे, हे त्याला विचारायचेच सुचत नाही.

चौथा मुद्दा : शांततेचा खर्च

हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘ॲक्टिव्हेशन’ या शब्दाच्या पोटात एक गृहीत आहे : त्याआधी प्लेटलेट निष्क्रिय होती. इंग्रजीतून आलेल्या आकृत्यांत तिला ‘विश्रांतीत’ म्हणतात. सिग्नल येतो, ती उठते.

पण मघाचा आकडा आठवा. बाहेर कॅल्शियम दहा-बारा हजार पट. इतका दाब भिंतीवर सतत असताना आतली पातळी खाली राहते कशी? पंप चालू असतात म्हणून. एक जातीचे पंप कॅल्शियम आतल्या कोठारात भरतात, दुसऱ्या जातीचे बाहेर फेकतात, आणि दोन्ही एटीपी खर्चून. तळाला भोक असलेल्या होडीत पाणी दिसत नसेल, तर कुणीतरी अखंड उपसते आहे हे समजायचे. ही झाली आतली बाजू. बाहेरून रक्तवाहिनीचे अस्तर अखंड राखण करते. ते प्रोस्टासायक्लिन सोडते, नायट्रिक ऑक्साइड सोडते. त्यांनी प्लेटलेटच्या आत लगाम घट्ट होतो. त्याच अस्तरावर सीडी३९ नावाचे एन्झाइम बसलेले असते, ते जवळपास सुटलेले एडीपी तोडून टाकते. म्हणजे प्लेटलेट शांत आहे याचा अर्थ, तिला शांत ठेवण्याचे काम क्षणोक्षणी होते आहे. शांतता हे इथे एक कार्य आहे आणि त्याला स्वतःचे कारण लागते.

हे शब्दच्छल वाटेल. म्हणून एक सार्वजनिक घटना सांगतो. प्लेटलेटमध्ये कॉक्स-१ हे एन्झाइम थ्रॉम्बॉक्सेन बनवण्याच्या वाटेवर असते. थ्रॉम्बॉक्सेन गुठळीला उत्तेजन देते. रक्तवाहिनीच्या अस्तरात प्रोस्टासायक्लिन बनते, त्यात कॉक्स-२ चा मोठा वाटा. ते गुठळीला आवरते. नव्वदच्या दशकात फक्त कॉक्स-२ रोखणारी वेदनाशामके आली. जठराला त्रास कमी म्हणून त्यांचे स्वागत झाले. रोफेकॉक्सिब हे त्यातले प्रसिद्ध नाव. १९९९ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात आले, आणि हृदयविकाराचे झटके वाढतात असे चाचणीत दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. भारतातही त्याच वर्षअखेरीस त्यावर बंदी आली. त्या झटक्यांचे जे स्पष्टीकरण आज सर्वाधिक मानले जाते ते हेच : उत्तेजन तसेच राहिले, आवरणारा हात काढून घेतला गेला. गुठळीची कथा फक्त उत्तेजनाच्या साखळीतून सांगायची सवय असेल, तर लगाम सुटल्याचे लक्षात यायला उशीर होतो. यामागे व्यापाराची गणितेही होती, ती आम्ही नाकारत नाही. पण भाषेने दिलेली आंधळी जागा तिथे आधीच तयार होती.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकून घेऊ. पूर्वपक्ष बलवान करून मांडावा, मगच उत्तर द्यावे, ही आपली परंपरा. आमचे वैज्ञानिक मित्र म्हणतात, “अहो, उपमा ही शिडी असते. सिग्नल म्हटले म्हणूनच आम्ही विचारले की तो येतो कुठून, जातो कुठे, थांबतो कसा. आयपी३ सापडले ते याच प्रश्नांतून. निशिझुकांचे निष्कर्ष आम्हीच काढले ना?” हे अगदी खरे आहे. वर सांगितलेला प्रत्येक पुरावा त्याच भाषेत काम करणाऱ्यांनी, त्या भाषेच्या विरोधात जाऊन उभा केला आहे. विज्ञानाची ही मोठी शालीनता आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात ती क्वचित दिसते.

आमचे म्हणणे एवढेच, की शिडी चढून गेलेल्यांनी ती खाली उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर ठेवू नये. संशोधकाला अपवाद माहीत असतात. त्याच्या तोंडी ‘सिग्नल’ हा शब्द सैल असतो. पाठ्यपुस्तकात तो घट्ट होतो, औषधाच्या जाहिरातीत दगड होतो, आणि रुग्णापर्यंत पोचेतो त्याचे एक वाक्य उरते : “रक्त पातळ करायची गोळी आहे, घ्या.” आता रक्त त्या गोळीने पातळ होत नाही. ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या कॉक्स-१ ला कायमचे निकामी करते. केंद्रक नसल्याने प्लेटलेटला त्याच्या जागी पुरेसे नवे एन्झाइम बनवता येत नाही, म्हणून थोड्याशा मात्रेचा परिणाम त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर टिकतो. थ्रॉम्बॉक्सेनचा एक रस्ता बंद होतो. थ्रॉम्बिनचा, कोलॅजेनचा, एडीपीचा रस्ता चालू राहतो. आणि जखमेपाशी बांध घालण्याची ताकद मात्र जठरात, मेंदूत, सगळीकडे थोडी कमी होते.

या सभागृहात सत्तरी ओलांडलेले आम्ही बरेच जण आहोत, म्हणून हे स्पष्ट बोलतो. २०१८ मध्ये ॲस्प्री या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,००० हून अधिक वयस्क माणसे, बहुतेक सत्तरीच्या पुढची, ज्यांना आधी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नव्हता. निम्म्यांना रोज थोड्या मात्रेत ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. अपंगत्वाशिवाय जगण्याच्या काळात फायदा दिसला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र ॲस्पिरिनच्या गटात जास्त झाले. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना ही गोळी खरोखर राखते, आणि त्यांनी आजचे भाषण ऐकून ती सोडू नये. पण शेजाऱ्याने सांगितले, वयही झाले, रक्त पातळ असलेले बरे, म्हणून जे आपल्या मनाने रोज गोळी घेतात, त्यांनी डॉक्टरांना एकदा जरूर विचारावे : “माझ्या बाबतीत ही गोळी काय थांबवते, आणि काय आवरायचे थांबवते?”

प्रश्नाची ही दोन अंगे असतात, हे लक्षात राहावे यासाठीच ‘सिग्नल’ या शब्दाची एवढी चिरफाड केली. कारण एक नसते, अनेक असतात आणि ती एकमेकांची वाट पाहतात. निरोपाला अर्थ येतो तो वाचणाऱ्याच्या रचनेतून. पाहिलेले आणि ताडलेले वेगळे ठेवावे लागते. आणि जे शांत दिसते ते कुणीतरी शांत ठेवलेले असते. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी कॅल्शियमची ती चढती रेघ फळ्यावर जरूर काढावी. तिच्याखाली पंपांची आणि प्रोस्टासायक्लिनची रेघही काढावी, आणि मुलांना विचारावे की ही दुसरी रेघ तुटली तर पहिलीचे काय होईल. त्या प्रश्नाला तासाची दहा मिनिटे जास्त लागतील. ती द्यायला हरकत नसावी.

आता तुमचे प्रश्न घेऊ. डॉक्टर मंडळी समोर बसली आहेत, त्यांनी संकोच करू नये.